नोंदी फ्रँकफर्टमध्ये, पण किल्ली कुणाकडे?

पत्र:

"आम्ही तिघी मैत्रिणी मिळून ऑनलाइन समुपदेशन करतो. आमच्याशी बोलणारी माणसं वेगवेगळ्या देशांत राहतात. प्रत्येक सत्रानंतर आम्ही नोंदी लिहितो आणि क्लाउडवर ठेवतो. मागच्या महिन्यात जर्मनीत राहणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, 'तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिता ते कुठे असतं आणि कोण कोण उघडू शकतं?' मी सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. तिथे रीजन 'फ्रँकफर्ट' असं होतं. मी लगेच कळवलं, 'तुमच्या नोंदी जर्मनीतच आहेत, त्यांना फक्त जर्मनीचाच कायदा लागू होतो, निर्धास्त राहा.' त्यांनी आभार मानले आणि पुढच्या सत्रात आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट मला सांगितली. नंतर माझ्या वाचनात आलं की क्लाउड कंपनी अमेरिकन असेल, तर डेटा कुठेही असला तरी अमेरिकेचं सरकार तो मागू शकतं. आमची कंपनी अमेरिकनच आहे. तेव्हापासून मला नीट झोप नाही. मी त्यांच्याशी खोटं बोलले का? आता काय करू? त्यांच्या नोंदी पुसून टाकू का?"

— एक समुपदेशक

नमस्कार,

तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला जे दिसलं ते खरं मानून तुम्ही कळवलंत. पण जे कळवलंत ते चुकीचं होतं, आणि त्याच्या भरवशावर एका बाईंनी तुमच्यापाशी मन मोकळं केलं. त्यामुळे दुरुस्तीचं पत्र जायलाच हवं, आणि याच आठवड्यात जायला हवं. त्यात काय लिहायचं ते पुढे देते. आधी चूक नेमकी कुठे झाली ते पाहू, म्हणजे पत्र लिहिताना तुमचा हात अडखळणार नाही.

तुमच्या वाक्यातला पहिला भाग बरोबर आहे. नोंदींचा मुख्य साठा फ्रँकफर्टच्या डेटा सेंटरमधल्या डिस्कवर आहे. चुकला तो 'फक्त' हा शब्द. डिस्क एका देशात असते, ती चालवणारी कंपनी दुसऱ्या देशात नोंदलेली असते, नोंदी लिहिणारी तुम्ही तिसऱ्याच देशात, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या बाई जर्मनीत. या प्रत्येक धाग्याला धरून एकेक कायदा त्याच फाइलपर्यंत पोचतो. कायदे एकापुढे एक रांगेत उभे असते तर सोपं होतं. इथे ते एकाच वेळी बोलतात, आणि कधी कधी एकमेकांच्या विरुद्ध बोलतात.

हे सगळ्यात स्पष्टपणे पुढे आलं ते मायक्रोसॉफ्टच्या डब्लिन प्रकरणात. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका न्यायाधीशाने अमली पदार्थांच्या तपासासाठी एका ईमेल खात्याचं वॉरंट काढलं. त्या खात्यातल्या ईमेल आयर्लंडमध्ये डब्लिनच्या सर्व्हरवर होत्या. त्या तिथे का होत्या, तर खातं उघडताना माणूस आपला जो देश भरायचा, त्यावरून कंपनी त्याचा डेटा जवळच्या सर्व्हरवर ठेवायची. तो देश खरा आहे की नाही हे कुणी तपासत नव्हतं. मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत असलेली खात्याची माहिती दिली, पण ईमेलमधला मजकूर द्यायला नकार दिला. तो आयर्लंडमध्ये आहे, अमेरिकेचं वॉरंट तिथे चालत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. सरकारचं म्हणणं असं की तुमचा कर्मचारी अमेरिकेतल्या कार्यालयात बसूनच तो मजकूर ओढून घेऊ शकतो, त्याला डब्लिनला जावं लागत नाही, मग अडचण काय?

जुलै 2016 मध्ये अपील न्यायालयाने मायक्रोसॉफ्टच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी 2018 मध्ये तिथे युक्तिवादही झाले. पण निकाल लागण्याआधीच, 23 मार्च 2018 रोजी, तिथे 'क्लाउड अ‍ॅक्ट' हा कायदा झाला आणि एप्रिलमध्ये न्यायालयाने प्रकरण निकाली काढलं, कारण ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. या कायद्याने सांगितलं की अमेरिकेच्या अधिकारक्षेत्रात येणाऱ्या कंपनीच्या ताब्यात किंवा नियंत्रणात जो डेटा आहे, तो तिला द्यावा लागेल, मग तो देशात असो वा देशाबाहेर. ईमेलसारख्या मजकुरासाठी न्यायाधीशाचं वॉरंट लागतंच, ते गेलेलं नाही. पण डेटा कुठे आहे, याला आता पूर्वीसारखं महत्त्व उरलं नाही. तुम्ही ज्या सेटिंगवर विसंबलात, त्या सेटिंगचं वजन इथे कमी झालं.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी, 25 मे 2018 पासून, युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्याचं 48 वं कलम म्हणतं की युरोपबाहेरच्या न्यायालयाने किंवा सरकारी यंत्रणेने हुकूम काढला एवढ्यावरून वैयक्तिक माहिती देता येत नाही. त्यामागे दोन देशांमधला परस्पर साहाय्याचा करार असावा लागतो, नाहीतर जीडीपीआरमध्येच दुसरा काही आधार सापडावा लागतो. हा नियम मोडला, तर दंड 2 कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या 4 टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे फ्रँकफर्टच्या डिस्कवरची तुमची फाइल मागणारा हुकूम आला, तर तुमची कंपनी दोन कायद्यांच्या कात्रीत सापडते. दिली तर युरोपचा कायदा आड येतो, नाकारली तर अमेरिकेचा. जून 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना तिथल्या सिनेटच्या समितीपुढे शपथेवर विचारलं गेलं, की फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय फ्रेंच नागरिकांचा डेटा अमेरिकेला जाणार नाही याची हमी द्याल का? त्यांनी हमी देता येणार नाही असं सांगितलं, आणि आजवर तसं घडलेलं नाही असंही सांगितलं. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. तुमचं उत्तरही या धर्तीचं असायला हवं.

हा प्रकार फक्त अमेरिका आणि युरोपपुरता नाही. चीनच्या 2021 च्या डेटा सुरक्षा कायद्यानुसार तिथे साठवलेला डेटा परदेशी न्यायालयाला किंवा पोलिसांना द्यायचा तर आधी चिनी सरकारची मंजुरी लागते. रशियाने सप्टेंबर 2015 पासून आपल्या नागरिकांची वैयक्तिक माहिती देशातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक केलं आणि ते न पाळल्याबद्दल 2016 मध्ये लिंक्डइन बंद केलं. भारताच्या 2023 च्या कायद्याने उलट वाट धरली: सरकार ज्या देशांवर बंदी घालेल ते सोडून बाकी कुठेही माहिती पाठवायला मुभा. तुमच्याशी बोलणारी माणसं अनेक देशांत आहेत म्हणून हे सांगितलं. एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याला जसंच्या तसं देऊ नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. तुम्ही युरोपात राहत नसलात, तरी युरोपात राहणाऱ्या माणसांना सेवा देऊ करता म्हणून जीडीपीआर थेट तुम्हालाच लागू होऊ शकतो. त्यात या नोंदी मनाच्या आरोग्याबद्दलच्या, म्हणजे कायद्याने सगळ्यात नाजूक मानलेल्या प्रकारातल्या. युरोपमध्ये तुमचा प्रतिनिधी नेमावा लागेल का, एवढा एक प्रश्न घेऊन तिथल्या कायद्याच्या जाणकाराकडे एकदा जाऊन या. बाकीचं बरंचसं तुम्ही स्वतः करू शकता.

कंपनी तुम्हाला बहुधा असंही सांगेल की युरोप आणि अमेरिका यांच्यात डेटा नेण्याची अधिकृत व्यवस्था आहे. आहे, हे खरं. पण तिचा इतिहास बघा. 2000 साली केलेली व्यवस्था युरोपच्या न्यायालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये रद्द केली. 2016 मध्ये नवी आली, ती जुलै 2020 मध्ये रद्द झाली. दोन्ही वेळा मूळ तक्रार एकाच माणसाची होती, खासगीपणाच्या हक्कासाठी लढणारे ऑस्ट्रियाचे मॅक्स श्रेम्स. आताची व्यवस्था जुलै 2023 ची आहे आणि सप्टेंबर 2025 मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने तिच्याविरुद्धचा एक अर्ज फेटाळला. ती टिको, माझी इच्छाच आहे. पण तुमच्या बाईंना द्यायचा शब्द तिच्यावर टेकवून देऊ नका.

मग कशावर टेकवायचा? ताई, इथे मला थोडं थांबून लिहायचंय, कारण तुमच्या हातात जे आहे ते इथे आहे.

प्रत्येक क्लाउड कंपनी सांगते की डेटा एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे कुलूपबंद आहे. ते खरंच असतं. विचारायचं ते एवढंच, की किल्ली कोण सांभाळतं. तुम्ही काहीच बदललं नसेल तर किल्ली कंपनीकडेच असते. हुकूम आला की कंपनी कुलूप उघडून आतला मजकूर देऊ शकते. दुसऱ्या प्रकारात किल्ली तुमच्या नावावर असते, तुम्ही ती रद्दही करू शकता, पण ती राहते कंपनीच्याच तिजोरीत आणि कुलूप उघडतात कंपनीचीच यंत्रं. याने आतल्या माणसांवर वचक बसतो, सरकारी हुकुमापुढे मात्र फारसा फरक पडत नाही. तिसऱ्या प्रकारात फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद होते आणि मगच वर जाते. किल्ली तुमच्या घराबाहेर पडतच नाही. कंपनीकडे कुणी काही मागितलं, तर तिच्याजवळ देण्यासारखा असतो तो अर्थहीन अक्षरांचा ढिगारा.

हे माझं एकटीचं मत नाही. युरोपियन डेटा संरक्षण मंडळाने जून 2021 मध्ये अंतिम केलेल्या शिफारशींत हाच फरक केला आहे. किल्ली फक्त पाठवणाऱ्याकडे असेल आणि एन्क्रिप्शन मजबूत असेल, तर परदेशातल्या क्लाउडवर बॅकअप ठेवणं मंडळाला चालतं. पण क्लाउड कंपनीला काम करण्यासाठी मजकूर उघडा दिसावा लागत असेल आणि त्या देशातल्या सरकारचे अधिकार गरजेपेक्षा जास्त असतील, तर त्यावर परिणामकारक तांत्रिक उपाय सुचवता येत नाही, असं मंडळाने सरळ लिहिलं आहे.

तुम्ही नोंदींमध्ये शब्द टाकून शोध घेत असाल, सत्राचं रेकॉर्डिंग आपोआप लिहून देणारी सोय वापरत असाल, सारांश करून घेत असाल, तर त्या सगळ्याला उघडा मजकूर लागतो. तिसऱ्या प्रकारचं कुलूप लावलं की यातलं बरंच काही बंद पडेल. आणि किल्ली हरवली तर नोंदी कायमच्या गेल्या. मदत केंद्राला फोन करून काही होणार नाही. तिघींनी मिळून किल्ली परत मिळवायचा सांकेतिक मजकूर कागदावर लिहा, दोन पाकिटांत सीलबंद करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवा. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, कारण तो फोटो आपोआप क्लाउडवर जाईल.

किल्ली तुमच्याकडे आली म्हणजे कायदा संपला असंही नाही. तुमच्या देशातलं न्यायालय तुम्हाला कुलूप उघडायला सांगू शकतं. पण मग तो हुकूम तुमच्या दारात येतो. तुम्हाला तो वाचता येतो, वकिलाला दाखवता येतो, आणि मनाई नसेल तर त्या बाईंना सांगता येतो. कंपनीकडे गेलेल्या हुकुमाबद्दल कंपनीला तोंड उघडायलाच मनाई असू शकते, आणि तुम्हाला कधी पत्ताही लागत नाही. सरकारं या किल्लीवरूनही कंपन्यांशी भांडत आहेत. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये अ‍ॅपलने ही सगळ्यात कडक सुरक्षेची सोय नव्या ग्राहकांना देणं थांबवलं. म्हणून जी सोय निवडाल ती वर्षातून एकदा पुन्हा तपासा.

आता तुमच्या सेटिंगबद्दल. रीजन फ्रँकफर्ट दिसलं म्हणजे सगळंच फ्रँकफर्टला आहे असं समजू नका. काही वर्षांपूर्वी एका लहान संस्थेची माहिती कुठे कुठे जाते हे शोधायला मी त्यांच्यासोबत बसले होते. नोंदींचा मुख्य साठा अगदी हवा तिथे होता. मग आम्ही भेटीची आठवण करून देणाऱ्या ईमेल उघडल्या. सत्राची वेळ कळवताना ती यंत्रणा मागच्या नोंदीची पहिली ओळही सोबत घेत होती, आणि ईमेल पाठवणारी सेवा वेगळ्याच खंडातली होती. एका ईमेलमध्ये ओळ होती, 'आई गेल्यापासून झोप लागत नाही.' तीच ओळ पुढे बिघाडाच्या लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणा आपोआप ठेवते त्या नोंदींत, सापडली आणि एका कर्मचाऱ्याच्या फोनवरच्या सूचनेतही. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. कुणी शोधलं नव्हतं, एवढंच. त्या ओळीकडे आम्ही बराच वेळ नुसते बघत राहिलो.

तेव्हा तुम्ही एक खोटी नोंद तयार करा. नाव काल्पनिक घ्या आणि त्यात सहसा कुठे येणार नाही असा एखादा शब्द घाला. एक सत्र ठरवा, रद्द करा, पुन्हा ठरवा, नोंद बदला, पुसा. मग तो शब्द कुठे कुठे उगवतो ते पाहा: तिघींचे इनबॉक्स, फोनवरच्या सूचना, कॅलेंडर, कचरापेटी, बॅकअप. जे तुम्हाला स्वतःला दिसत नाही, म्हणजे कंपनीचे लॉग आणि तिच्या हाताखालच्या कंपन्यांची यादी, ते लेखी विचारा. मदत केंद्रातली माणसं कोणत्या देशातून तुमचा डेटा उघडू शकतात हेही विचारा. डिस्क हलली नाही तरी युरोपबाहेरच्या देशातून कंपनीच्या माणसाने ती उघडली, तर युरोपच्या कायद्याच्या नजरेत डेटा युरोपबाहेर गेला असं धरलं जाऊ शकतं. तुमची मैत्रीण प्रवासात लॅपटॉप नेत असेल तर त्याचीही डिस्क कुलूपबंद हवी आणि प्रवासाला निघताना त्यावर जुन्या नोंदींच्या प्रती नकोत.

आणि मुळात कमी लिहा. नाव एका ठिकाणी आणि नोंद दुसऱ्या ठिकाणी, मधे फक्त एक क्रमांक, असं ठेवता येतं. त्या बाईंनी तुम्हाला जे सांगितलं त्यातलं पुढच्या सत्रासाठी लागणारं तेवढंच नोंदीत असू द्या. तुम्ही ते ऐकलंत, समजून घेतलंत, ते तुमच्यापाशी आहे. प्रत्येक तपशील कुठल्यातरी डिस्कवर असायलाच हवा असं नाही.

आता पत्र. साधं लिहा, त्यांना समजेल असं. माझा मसुदा असा:

"मागच्या महिन्यात तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ते दुरुस्त करते. तुमच्या नोंदींचा मुख्य साठा जर्मनीतल्या डेटा सेंटरमध्ये आहे, हे खरं आहे. पण ते चालवणारी कंपनी अमेरिकन आहे, आणि अमेरिकेच्या कायद्यानुसार तिथली यंत्रणा त्या कंपनीकडे वॉरंट आणून नोंदी मागू शकते. युरोपचा कायदा त्याला अटकाव करतो, पण प्रत्यक्षात कोणाचं चालेल याची खात्री मी देऊ शकत नाही. असं काही घडल्याचं मला माहीत नाही, पण घडलं तर मला कळेलच असंही नाही. नोंदी मी आणि माझ्या दोन सहकारी उघडू शकतो. अमुक तारखेपासून आम्ही नोंदी आमच्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद करून मग ठेवणार आहोत, म्हणजे कंपनीला त्या वाचता येणार नाहीत. माझ्या आधीच्या उत्तरावर विसंबून तुम्ही काही सांगितलं असेल आणि त्याची नोंद नको असेल, तर मला सांगा. तुम्हाला तुमच्या नोंदींची प्रत मागता येते, ती मी देईन."

सहकारी त्यांच्या नोंदी बघत नसतील तर तसा बदल करा आणि सेटिंगमध्येही करा. 'अमुक तारखेपासून' हे काम खरंच त्या तारखेपर्यंत होणार असेल तरच लिहा. एकदा चुकलेला शब्द दुसऱ्यांदा चुकायला नको. आणि शक्य असेल तर पत्र पाठवण्याआधी त्यांच्याशी बोला. असा मजकूर अचानक इनबॉक्समध्ये वाचायला लागणं त्यांना जड जाऊ शकतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

नोंदी पुसण्याबद्दल: त्यांना न विचारता पुसू नका. आज भीतीपोटी पुसल्यात आणि उद्या त्यांनी प्रत मागितली तर काय द्याल? शिवाय इथेही कायदे एकमेकांना छेदतात. जर्मनीत वैद्यकीय उपचारांच्या नोंदी उपचार संपल्यापासून 10 वर्षं ठेवाव्या लागतात. समुपदेशनाला तो नियम लागू आहे की नाही, हे तुमची पात्रता आणि सेवेचं स्वरूप यावर ठरेल. तुमच्या स्वतःच्या देशातही अशी मुदत असू शकते. त्या बाईंनी 'पुसा' म्हटलं आणि तुमच्या देशाचा नियम 'ठेवा' म्हणत असला, तर अडचण अशी की 'कायद्याने ठेवणं भाग आहे' ही सबब जीडीपीआर ऐकून घेतो ती युरोपियन युनियनच्या किंवा तिच्या सदस्य देशाच्या कायद्यापुरती. बाहेरच्या देशाचा नियम त्यात बसत नाही. म्हणून जाणकाराकडे जाल तेव्हा हा दुसरा प्रश्नही सोबत न्या. तोपर्यंत त्या बाईंची फाइल कुलूपबंद करून वेगळी ठेवा, तुमच्याशिवाय कुणाला ती उघडता येणार नाही अशी, आणि त्यांनी नको म्हटलेला मजकूर पुढच्या कुठल्याच नोंदीत येऊ देऊ नका.

त्यांचं उत्तर आलं की मला कळवा. त्या दुखावल्या असतील तरी कळवा.